पहिल्या पगारापर्यंतचे ४५ दिवस

घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाईला काम मिळवून द्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "तिला येतं काय?" प्रश्न चुकीचा नाही, पण घोडं तिथे अडत नाही. नागपुरात काम आहे. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांना हाऊसकीपिंगला बाया लागतात, मेसवाल्यांना पोळ्या लाटायला, इतवारीतल्या साडीच्या दुकानांना काउंटरवर, हिंगण्याच्या युनिटांना पॅकिंगला. काम लागतं आणि तिसऱ्या आठवड्यात सुटतं. का सुटलं ते खोदून विचारलं की तीच ती कारणं निघतात. पगाराच्या आधीच पैसे संपले, मूल सांभाळायला कोणी उरलं नाही, पगार नवऱ्याच्या हातातल्या खात्यात गेला, नाहीतर नवरा गेटवर येऊन उभा राहिला. यात कौशल्याचं कारण एकही नाही. म्हणून पहिल्या ४५ दिवसांबद्दलच लिहायचं आहे, आणि तेही तिच्या मदतीला उभ्या असलेल्यांसाठी: बहीण, शेजारीण, बचत गटाची अध्यक्ष, संस्थेतली कार्यकर्ती.

ती अजून त्याच घरात राहत असेल तर हिशोब वेगळा. बाई कमवायला लागली की कित्येक घरांत मारहाण वाढते, कारण तिच्यावरची पकड सुटते आहे हे नवऱ्याला दिसतं. कामाची बातमी कोणाला कधी कळवायची, पासबुक कोणाकडे ठेवायचं, निघायची वेळ आली तर कुठे जायचं, हे काम शोधण्याच्या आधी ठरवा आणि तिच्या मनाने ठरवा. जीवाला धोका असेल तर पोलिसांचा ११२, सल्ला आणि निवाऱ्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये (अत्याचार सोसलेल्या बायांसाठीचं सरकारी मदत केंद्र) पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पुढच्या मुक्कामासाठी शक्ती सदन (जुनं नाव स्वाधार गृह). मुलगा मोठा असेल तर त्याला सोबत ठेवू देतात का, ते आधी विचारून घ्या. दारात गेल्यावर कळलं तर आई तिथूनच माघारी फिरते.

पहिल्या दिवशी हातात घ्यायची गोष्ट बायोडाटा नाही, तिचा मोबाईल. बहुतेक वेळा तो फोन नवऱ्यानेच चालू करून दिलेला असतो, गूगल खातं त्याने बनवलेलं असतं आणि पासवर्ड त्याच्याकडे असतो. तिच्याशेजारी बसा, फोन तिच्याच हातात राहू द्या, आणि एक एक गोष्ट तपासा. सेटिंगमध्ये गूगलचं कोणतं खातं आहे, आणि ते आणखी कोणत्या फोनवर उघडं आहे. मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग कोणाला दिलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये अनोळखी संगणक दिसतो का. यूपीआयचं अ‍ॅप कोणत्या खात्याला जोडलं आहे. घाईघाईने सगळं पुसू नका. धमक्यांचे मेसेज आणि कॉलची यादी पुढे कोर्टात लागते, त्यामुळे ते आधी जपून ठेवा. शिवाय एकदम सगळं बंद केलं की त्याला लगेच कळतं. सुरक्षित मार्ग म्हणजे तिच्या नावाचं नवं सिम साध्या, जमल्यास दुसऱ्या हँडसेटमध्ये टाकायचं आणि कामाच्या अर्जांवर फक्त तोच नंबर द्यायचा. जुना फोन पुरावा म्हणून जपून ठेवावा.

नव्या सिमला आधार लागतं आणि आधार बऱ्याचदा घरीच राहून गेलेलं असतं. नंबर पाठ नसला तरी आधार केंद्रावर नाव, जन्मतारीख आणि बोटांचे ठसे जुळवून प्रिंट मिळू शकते. धुणीभांडी करून ठसे झिजले असतील तर डोळ्यांचं स्कॅन करायला सांगा. त्याच फेरीत आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलून घ्या. त्याला कागदपत्र लागत नाही, तिने स्वतः हजर राहिलं की पुरतं. हे काम पुढे ढकलू नका, कारण तोवर प्रत्येक ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो. बँकेत खातं उघडायला बसली की तिकडे त्याच्या खिशात घंटी वाजते. पत्ता बदलायची घाई मात्र नको. राहण्याची जागा पक्की झाल्यावर बघा, आणि ती मान्यताप्राप्त निवारागृहात असेल तर तिथल्या अधीक्षकांचा दाखला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

आता खातं. नवऱ्याची बँक टाळा, जाऊबाई ज्या शाखेत जाते ती शाखाही टाळा. जनधन किंवा साधं शून्य शिल्लकीचं खातं पुरतं. कागद काहीच नसतील तर छोटं खातं, म्हणजे स्मॉल अकाउंट, उघडता येतं. त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, वर्षभरात जमा एक लाखाच्या आत आणि महिन्याला काढणं दहा हजारांच्या आत असावं लागतं. बारा महिन्यांत कागद जमवायचे. काउंटरवरच्या बाबूला हे माहीत नसलं तर शांतपणे शाखा व्यवस्थापकाकडे जा.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. एक, एटीएम कार्ड आणि चेकबुक पोस्टाने आधारवरच्या पत्त्यावर जातं, म्हणजे थेट सासरी. शाखेतच हातात मिळणारं किट मागा. दोन, सरकारी पैसे आधारला शेवटच्या जोडलेल्या खात्यात जमा होतात. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये ज्या खात्यात येतात त्याचं एटीएम नवऱ्याकडे असेल, तर नवं खातं उघडूनही पैसे जुन्याच खात्यात पडत राहतील. नव्या शाखेत आधार सीडिंगचा, म्हणजे नवं खातं आधारला जोडायचा, फॉर्म वेगळा भरा आणि पुढचा हप्ता कुठे पडला ते पासबुकावर बघा. मेसेजवर विसंबू नका.

नावाचा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. शाळेच्या टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मध्ये नवऱ्याचं नाव. दहावीची मार्कशीट घरात अडकली असेल तर शाळेतून टीसीची आणि मंडळातून मार्कशीटची दुय्यम प्रत मिळते. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र बहुतेक खासगी ठिकाणी चालतं, सरकारी नोकरीत राजपत्राची प्रत मागतात. कोर्टातलं प्रकरण संपेपर्यंत आधारवरचं नाव बदलू नका, नाहीतर प्रत्येक कागदावर नवं भांडण उभं राहतं.

आता पैशांकडे वळू, कारण हे सगळं टिकतं ते पैशावर. समजा ती २ तारखेला कामावर लागली. पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला. ठेकेदारामार्फत असेल तर १५ सुद्धा उजाडते, आणि हजेरी २५ तारखेला बंद होत असेल तर पहिला पगार अर्धवटच. त्यातून गणवेश, बूट, ओळखपत्राचे पैसे कापले जातात. या दिवसांचा खर्च धरून पाहू. खोलीचा किराया ३,००० आणि तेवढंच डिपॉझिट. किराणा आणि गॅस ४,५००. जाणं-येणं रोजचं ४० रुपये, ३८ दिवसांचे १,५२०. मूल सांभाळणाऱ्या मावशींना २,०००. रिचार्ज, औषधं, कामाला घालण्यासारखे दोन ड्रेस आणि चपला १,५००. झाले १५,५२०. आकडे वस्तीप्रमाणे बदलतील, पण हा तक्ता तिच्यासोबत कागदावर मांडल्याशिवाय तिला कामावर पाठवू नका. ही रक्कम कुठून येणार याला उत्तर नसलं, तर विसाव्या दिवशी ती एकतर सासरी परतते, नाहीतर आठवडी हप्त्याचं मायक्रोफायनान्स काढते. दोन्हीतून तिला सोडवणं पहिल्या वेळेपेक्षा अवघड.

ही रक्कम एका ठिकाणाहून येत नाही, जुळवावी लागते. बचत गटातून अंतर्गत कर्ज, मालकाकडून थोडी उचल (परतफेड दोन-तीन पगारांत वाटून, कागदावर लिहून), माहेरून काही. गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली अर्ज करताना कलम २३ प्रमाणे अंतरिम मदत मागता येते आणि कलम १९ मध्ये स्त्रीधन परत द्यायचा आदेश मिळू शकतो, पण तारखा पडत जातात. ते पैसे ४५ दिवसांच्या हिशोबात धरू नका. संजय गांधी निराधार आणि बालसंगोपन योजनेचे अर्ज या दिवसांतच टाकून द्या. मंजुरीला महिने लागतात, म्हणून तर लवकर टाकायचे.

आणि एकदा तिचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तिच्या नावावरच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, काढून बघा. वर्षातून एकदा तो प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून फुकट मिळतो. तिच्या नावावर गटकर्ज काढून नवऱ्याने पैसे उडवले, हप्ते थकले आणि तिला पत्ताच नाही, असं फार आढळतं. पुढे ई-रिक्षा किंवा मुद्रा कर्जाचा अर्ज करताना ते समोर येतं आणि सगळं तिथेच अडकतं.

आता काम कोणतं. शिलाई मशीन देऊन मोकळं व्हायची आपल्याकडे फार मोठी सवय आहे, आणि माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. घरी बसून फॉल-पिको आणि ब्लाउजवर खोलीचा किराया निघायला गिऱ्हाईक जमावं लागतं, त्याला वर्ष जातं. बाई पुन्हा चार भिंतींत एकटी पडते, आणि मशीन ही विकता येणारी वस्तू आहे हे नवऱ्याला चांगलं कळतं. तिला शिलाईच करायची असेल तर कारखान्यातल्या पॉवर मशीनचा सराव द्या. पायमशीनवर हात बसलेल्या बाईला सिंगल नीडलचा वेग सुरुवातीला आवरत नाही, शिवण पळते. सरळ रेषा आणि कोपरा सफाईने येईपर्यंत रोजचा सराव लागतो, त्याशिवाय ट्रायलला पाठवलं तर ती पहिल्याच दिवशी नापास होऊन खचते.

दुसरी फसवी सोय म्हणजे ब्युरोमार्फत (घरी सेवेला माणसं पुरवणारी एजन्सी) २४ तास राहून रुग्णसेवा. राहणं-जेवण सुटतं म्हणून कार्यकर्त्यांना ती आवडते. पण मूल सोबत नेता येत नाही, ज्यांची सेवा करायची ते आजी-आजोबा वारले की त्याच दिवशी नोकरी आणि छप्पर दोन्ही जातं. तेच काम १२ तासांच्या पाळीत, स्वतःची खोली ठेवून केलं तर बरं. ब्युरोवाल्यांना मूळ कागद कधीच देऊ नका, झेरॉक्सवर सही करून द्या.

मूल शाळेत जाणारं असेल तर शाळेच्या बसवरच्या महिला मदतनीसाचं काम मला पुष्कळ बरं वाटतं. वेळ मुलाच्या वेळेशी जुळते. पगार कमी असतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळतो की नाही ते आधी विचारायचं. दवाखान्यातली सकाळची पाळीही जमते. रात्रपाळीची अट आहे का ते लागायच्या आधी विचारा, कारण महिन्याने पाळी फिरते आणि तिथे मूल आडवं येतं.

एमआयडीसीचं काम असेल तर रस्ता स्वतः एकदा चालून बघा. मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरला संपते, तिथून हिंगण्याच्या गेटपर्यंत शेअर ऑटो. दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा तो ऑटो मिळतो का, हे दिवसा बघून कळत नाही. बुटीबोरीला कंपनीची बस असते, पण तिचा थांबा सासरच्या चौकात आहे का? आणि त्याच ठेकेदाराकडे दीर किंवा नणंदेचा नवरा तर नाही ना? हे दोन प्रश्न विचारले नाहीत म्हणून पहिल्या आठवड्यातच पत्ता फुटतो.

प्रशिक्षण जरूर द्या, पण तीन महिने बिनपगारी बसवून नाही. दवाखान्यात हाऊसकीपिंगला लागलेली बाई पुढे जनरल ड्यूटी असिस्टंटचा (रुग्णांच्या मदतनीसाचा) कोर्स करू शकते, तिथलेच लोक तिला वर घेतात. मुलींची शासकीय आयटीआय, सरकारच्या महास्वयम् रोजगार पोर्टलवरची नोंदणी, माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) बचत गट ही सगळी दुसऱ्या टप्प्याची कामं आहेत.

त्याआधी तिच्या शरीराकडे बघा. कानशिलात बसलेल्या मारामुळे एका कानाने कमी ऐकू येणं ही गोष्ट बाया सांगतच नाहीत, "लक्ष नसतं माझं" म्हणतात. मग कॉल सेंटरच्या हेडफोनवर किंवा मशीनच्या आवाजात सुपरवायझर ओरडतो आणि ती गोठून जाते. मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात) कान, डोळे, मनगट आणि खांदा तपासून घ्या, केसपेपर जपून ठेवा. तो पुरावाही आहे.

मुलाखतीत दोन प्रश्न हमखास येतात: नवरा काय करतो, आणि लेकरं कोण बघेल. तिने सगळी कहाणी सांगायची गरज नाही, खोटंही बोलायचं नाही. "मी वेगळी राहते. मुलांची सोय लागली आहे. पाळीची अडचण नाही." ही तीन वाक्यं तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या, दहा वेळा. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत आवाज भरून येतो, तो तुमच्यासमोर येऊ द्या. फॉर्मवर वडील किंवा पती असा रकाना असेल तर वडिलांचं नाव. तातडीच्या संपर्कात मैत्रीण किंवा कार्यकर्ती. नेमणुकीचं पत्र हातात मागा, पोस्टाने नको.

कामाच्या ठिकाणी काय सांगायचं हे फक्त तीच ठरवेल. सांगायचं ठरलं तर एकाच जबाबदार माणसाला, मोजकं: कोणी चौकशीला आलं तर ती इथे आहे की नाही ते सांगू नका. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खालचा संरक्षण आदेश मिळाला असेल तर नवऱ्याला तिच्या नोकरीच्या ठिकाणी यायलाच मनाई करता येते. आदेशाची प्रत कोर्टातून फुकट मिळते, एक तिच्या पर्समध्ये राहू द्या. आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो गेटवर आलाच तर गार्डने हुज्जत घालू नये, ११२ लावावा आणि रजिस्टरमध्ये तारीख-वेळ लिहावी. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच आठवड्यात मागून घ्या, जुनं आपोआप पुसलं जातं.

इथे क्रम महत्त्वाचा, आणि तो चुकलेला वारंवार दिसतो. कोर्टातल्या अर्जाची प्रत नवऱ्याला जाते. अर्जात कंपनीचं नाव आणि नवा पत्ता लिहिला की आपणच त्याला रस्ता दाखवला. अर्जात "नोकरीचे ठिकाण" एवढंच लिहून मनाई मागता येते का, ते वकिलाला विचारा. पोटगीच्या प्रकरणात मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात पगार लपवता येत नाही, लपवूही नये. म्हणून संरक्षण आदेश आधी हाती यावा आणि शपथपत्र नंतर जावं, असा प्रयत्न करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन १५१००.

"कमवायला लागले तर पोटगी बंद होईल" ही भीती अनेक बायांना घरी बसवते, आणि नवऱ्याचे नातेवाईक ती मुद्दाम घालतात. नोकरी लागली म्हणून पोटगीचा हक्क आपोआप संपत नाही, त्याच २०२० च्या निकालात ते स्पष्ट आहे. रक्कम कमी होऊ शकते, आणि मुलांचा खर्च ही वडिलांचीही जबाबदारी राहते.

तारखांमुळे सुट्ट्या पडतात आणि नोकरी डळमळते. वकील हजर असला तर प्रत्येक तारखेला तिने जायलाच हवं असं नसतं, पण हे गृहीत न धरता आदल्या दिवशी विचारून घ्यायचं. जवाब किंवा उलटतपासणीची तारीख असेल तेव्हा रजेचा अर्ज आठवडाभर आधी द्या.

मुलाच्या शाळेचंही याच ओघात. टीसी मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं आहे. पहिल्या दिवशीच मुख्याध्यापकांना लेखी द्या की मुलाला कोण घेऊन जाईल, आणि कोणाच्या हाती द्यायचं नाही. कोर्टाचा आदेश असेल तर सोबत जोडा.

पहिला पगार पडला की पगार पावती बघा. २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि तिथे ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू असेल तर ०.७५ टक्के कापले जातात. कापले आणि ईएसआयचा नंबरच मिळाला नाही, तर ठेकेदार पैसे भरतो आहे का ते सरकारच्या उमंग अ‍ॅपवर तपासा. पीएफचंही तसंच. आणि पीएफच्या वारसनोंदीत एक गोष्ट जवळपास कोणीच सांगत नाही. पीएफच्या १९५२ च्या योजनेत बाईच्या कुटुंबात नवरा धरलेला असतो, पण तिने पीएफ आयुक्तांना लेखी कळवलं तर त्याला कुटुंबातून वगळता येतं. हे पत्र दोन ओळींचं असतं. ते देऊन पोच घ्या, मग मुलांची नावं वारस म्हणून लावा. मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या वतीने रक्कम कोणी घ्यायची याचा एक रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. आजी किंवा मावशीला आधी विचारा, आणि तिचं नाव तिथे लिहा.